घळीतली हाक

तिसरी हाक आली तशी भागी उठून उभीच राहिली.

"भागेऽऽ..."

खालच्या घळीतून आवाज येत होता. लडकूचाच. शेवटाला असा लांब हेल काढून हाक मारायची खोड अख्ख्या वाडीत दुसऱ्या कुणाला नव्हती. लडकू म्हणजे तिचा नवरा. परवा कड्यावर मध काढायला गेला तो घरी परतलाच नव्हता. काल वाडीतल्या गड्यांनी रान पालथं घातलं, पण माग लागला नाही. आणि आज दिवस कासराभर वर आला असताना ही हाक.

"ओ देऊ नको," चुलतसासरा चांगो म्हणाला. "बस खाली."

"का म्हणून? तीनदा हाक मारली त्यानं. भूत तीनदा मारतं व्हय?"

हे तर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रानातल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणून तिसरी आली की समजायचं आपलं माणूस आहे.  चांगोनं बाजेवर बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं.

भिवाजी गुरुजी खाली पोशीरच्या शाळेत शिकवायचे. शाळेसाठी पोरं गोळा करायला ते सकाळीच वाडीवर चढून आले होते.

"भूतबीत सगळं थोतांड," गुरुजी म्हणाले, आणि भागीला बरं वाटलं. चला, एक तरी माणूस शहाणा निघाला. पण गुरुजींचं एक होतं, एकदा तोंड उघडलं की मिटायचं नाही. "आता, जनावर असू शकतं."

"कसलं जनावर?" चांगोनं विचारलं.

"तो भृंगराज पक्षी बघता ना, कोतवाल पाखराचा भाऊबंद, लांब शेपटीचा? दुसऱ्या पाखरांचे आवाज काढतो. घाबरल्यासारखा ओरडतो, बाकीची पाखरं भिऊन उडतात आणि त्यांचा किडा हा खातो. एवढंसं पाखरू किड्यासाठी हे करतं, तर मोठं जनावर हरणासाठी का करणार नाही? आधी पाडसाचा आवाज काढत असेल. ज्याचा फसला ते उपाशी मेलं. ज्याचा जमला ते जगलं, त्याचीच पिल्लं वाढली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. मग रानात माणूस आला."

गुरुजींना आता रंग चढला होता. समोर एका बाईचा जीव टांगणीला लागलाय, हे ते साफ विसरले.

"माणसानं काय केलं, दोन हाकांना ओ द्यायची नाही असा नेम केला. झालं. दोन हाका मारून गप्प बसणारी मेली आणि तिसरी मारणारी तगली. त्याला अक्कल लागत नाही हो, उपाशी मरणं पुरतं. आता उरली असतील ती सगळी तिसरी मारणारीच."

"म्हंजे तिसरीलाबी ओ द्यायची नाय," चांगो हळूच म्हणाला.

"अहो, मी आपली एक कल्पना..."

तेवढ्यात चौथी हाक आली, आणि गुरुजींनीच दचकून पाय बाजेवर घेतले.

भागीचं डोकं सणकलं. "ह्यो म्हणतो भूत, त्यो म्हणतो जनावर. माणूस हाय असं कुणालाच वाटत नाय. बसा तुमी पाखरांच्या गोष्टी करत. माझा माणूस तिकडं पाण्याविना मरतोय."

तिनं पाण्याचा भोपळा उचलला, कोयता घेतला. ओट्यावर सासू कोंडी मोहाची फुलं निवडत होती, शेजारी चार वर्षांची चिंधी फुलं चोखत होती. "पोरीकडं बघा आत्या," म्हणून भागी उतरणीला लागली.

काटे ओरबाडत होते, पायाखालचे धोंडे निसटत होते.  खालून पुन्हा हाक आली तेव्हा तिला राहवेना.

"ओऽऽ... आले रं, आले मी."

मग ती घळ उतरेपर्यंत ओरडतच राहिली. धीर धर म्हणाली, पाणी आणलंय म्हणाली, चिंधी तुझी वाट बघतीय म्हणाली. खालून हाक यायची थांबली होती, पण तिला त्याचं भान नव्हतं.

कड्याच्या बुडाशी लडकू सापडला. पाय मोडलेला, तोंड माश्यांनी डसून सुजलेलं, ओठ फुटलेले. पण जिवंत होता. भागी त्याच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडताच त्याला शिव्या घातल्या. पाणी प्यायला तेव्हा कुठे त्याच्या घशातून खरखर निघाली. एवढ्या हाका मारल्यावर घसा बसणारच. तो काहीतरी सांगायला बघत होता, पण तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

तिचं ओरडणं ऐकून चांगो आणि दोन गडी घोंगडी घेऊन उतरले. मागोमाग धडपडत गुरुजीही आले. झोळी करून लडकूला वर आणताना त्यांनी स्वतःहून खांदा दिला.

"भागूबाई, चुकलं माझं," घाम पुसत ते म्हणाले. "माझ्या बडबडीपायी हा माणूस जायचा."

"आता बोलू नका, चढा," भागी म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

अंगणात झोळी टेकली. कोंडी धावत आली, लेकाच्या तोंडावरून हात फिरवत रडू लागली. भागीनं पदरानं तोंड पुसलं आणि घरात डोकावली.

"आत्या, चिंधी कुठं हाय? तिला म्हणावं बाबा आला."

कोंडी तिच्याकडे बघतच राहिली. "तुझ्यापाशी नाय? मघाशी वरल्या रानातनं तूच हाका मारल्यास की गं तिला. ये म्हणालीस, बाबा गावला. पोर तशीच पळत सुटली."