तिसऱ्या हाकेनंतर

"हो म्हण आणि मोकळी हो बाई," प्रणित फोनवर पुन्हा म्हणाला. "टीव्हीला जोडायच्या गेम-कन्सोलवाली कंपनी आपणहून दारात आलीये. अट एकच, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवरून गेम काढायचा."

आईच्या पाड्याकडे निघालेली दामिनी डोळखांबच्या चढावर स्कूटर थांबवून ऐकत होती. वाशिंदच्या एका खोलीत दोघांनी हा गेम बनवला होता. प्रणितचं काही चूक नव्हतं. फोनवर लोक फुकट खेळतात, कंटाळले की उडवून टाकतात. कन्सोलवाला विकत घेतो, मोठ्या पडद्यावर मन लावून खेळतो. पण आईच्या पाड्यावर कन्सोल बघितलाय कुणी?

गेम पाड्याच्या रिवाजावरच होता. रानात हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. चकव्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली तर समजायचं, आपलं माणूस. हाकेचा आवाज तिच्या भावाचा, मंगळूचा. जुन्या फोनमध्ये सापडलेली एकच हाक गेममध्ये तीनदा वाजायची. मंगळू दोन वर्षांमागे मध काढायला रानात गेला तो गेलाच. ना कोयता सापडला, ना चप्पल.

आणि आता गेमच्या नोंदींत दिसत होतं, डोळखांबकडचा कुणी एक खेळाडू रोज दिवेलागणीला तिसऱ्या हाकेपर्यंत पोचायचा आणि तिथंच तासभर उभा राहायचा. कोण ते दामिनीला ठाऊक होतं. आईच्या फोनवर गेम तिनंच घालून दिला होता. एकदा आईची समजूत घालायची आणि प्रणितला हो म्हणायचं, असं ठरवूनच ती निघाली होती.

तिची आई, सावळी, ओटीवर फोन कानाशी धरून बसली होती.

"आये, तिसरी झाली ना? मग ओ दे. बटन दाब."

"ओ दिली का खेळ पुढं जातो. तो गप होतो."

"अगो, तीनच हाका भरल्यात मी त्यात. पुढं काय नाय."

"तीन?" सावळीनं तोंडावर बोट ठेवलं. "गप ऱ्हा. आता अकरावी झाली."

दामिनीला काहीच ऐकू आलं नव्हतं. पर्समध्ये तिचा फोन वाजत होता, प्रणितचाच.

"आये, गेम आज काढायचाय."

सावळीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको गो बाय. पयल्यांदा हाक वढ्यापल्याडून यायची. आता पार अंगणात आलाय तो."