मागचा दोर

शिवऱ्यात सभा चिमाजीअण्णांची होती आणि मांडव कुंडलिकचा. दोघंही आमदारकीला एकमेकांसमोर उभे. अण्णांची दूध डेअरी, कुंडलिकचा मंडपाचा धंदा. भोर-वेल्ह्यात एवढा मोठा मांडव दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि या सभेची सुपारी कुंडलिकनं स्वतःचा अर्ज भरायच्या आधीच घेतली होती. घेतलेली सुपारी परत करायची नाही, हा त्याच्या वडिलांपासूनचा शिरस्ता. खुर्च्यांच्या पाठीवर त्याचं नाव रंगवलेलं होतं. त्यावर अण्णांच्या कार्यकर्त्यांनी सकाळीच अण्णांचे फोटो चिकटवून टाकले. कुंडलिकनं त्यालाही हरकत घेतली नाही.

त्याची प्रचाराची जीप गुंजवण्याला निघाली होती. सभा दिसल्यावर चालवणाऱ्यानं वेग वाढवला. कुंडलिक मात्र सवयीनं मांडवाकडे बघत होता. लोकांच्या लग्नात जेवायला बसला तरी तो आधी वर कापडाकडे बघायचा, मग ताटाकडे.

"थांब," तो म्हणाला.

मांडवाच्या मागच्या अंगाचा मुख्य दोर जागेवर नव्हता. भात काढलेलं खाचर ते, वरून वाळलेलं, आत ओल. अशा जमिनीत साधी खुंटी टिकत नाही, म्हणून कुंडलिकच्या माणसांनी तिथं पहार ठोकली होती. ती अण्णांच्या गाड्यांच्या वाटेत आली असणार. कुणीतरी ती उपटून बाजूला टाकली होती आणि दोर शेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधला होता. बांधणाऱ्यानं गाठ चांगली मारली होती. फक्त ट्रॅक्टर कधीतरी निघणार, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि आता एक जण ट्रॅक्टरवर चढत होता.

"दाजी, चला," शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला. माऊली त्याचं नाव. प्रचाराचं सगळं तोच बघत होता. "पडला मांडव तर अण्णांची सभा पडंल. आपल्याला काय त्याचं?"

"शेवटाला बाया बसल्यात, माऊली."

"नाव अण्णांचंच खराब हुईल. खुर्च्यांवर फोटू त्यांचाच हाय."

माऊलीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते कुंडलिकला कळत होतं. त्याला निवडून यायचं होतं. अगदी मनापासून यायचं होतं. जन्मभर मांडव घालून, मागं उभं राहून त्यानं दुसऱ्यांची भाषणं ऐकली होती. एकदा तरी आपण पुढं उभं राहावं, असं त्याला फार वाटायचं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

ट्रॅक्टर सुरू झाला.

कुंडलिक उतरला आणि कडक पांढऱ्या कपड्यांनिशी बांधावरून उडी मारून पळत सुटला. "बंद कर रं, मागं दोर हाय," असं तो ओरडत होता, पण भोंग्यातून अण्णा त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होते. ट्रॉली हलली. दोर ताणला गेला, शेवटचा खांब बुडातून उखडला आणि वरचं कापड फटकन आवाज करत खाली आलं. बायका किंचाळल्या, तेव्हा कुठं ट्रॅक्टरवाल्यानं मागं बघून ब्रेक मारला. दोर सैल पडला. आता खांब आत येणार, तेवढ्यात कुंडलिकनं त्याला मिठी मारली आणि बुडाशी पाय रोवला.

खांब थांबला. मांडवाच्या पुढच्या अंगाला असलेली कुंडलिकची माणसं बाजूला पडलेली पहार घेऊन धावली.

व्यासपीठावरून अण्णांनी सगळं बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण निवडणूक होती. "बगा मंडळी," ते माईकवर म्हणाले, "कुंडलिकशेठबी आमच्याच मांडवात आलं."

लोक हसले. मोबाईल वर झाले. हात तरी जोडावेत म्हटलं, तर कुंडलिकचे दोन्ही हात खांबाला होते. पहार पुरती ठोकून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि अण्णांचं भाषण त्यानं मागूनच ऐकलं.

सभा संपल्यावर शेवटच्या रांगेतली धोंडाबाई त्याच्याकडे आली. गावातलीच म्हातारी. तिनं पदरानं त्याच्या बाहीवरचा चिखल पुसला.

"तू हुतास म्हनून, कुंडलिक. न्हाईतर समदं आमच्या डोस्क्यावर आलं असतं."

बाकीच्या बायकाही जमल्या. कुंडलिकला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच मतं अशी हाताशी आल्यासारखी वाटली. माऊलीनं लगबगीनं पत्रकं वाटली.

"मंग ध्यान असू द्या, आत्या," कुंडलिक म्हणाला. "निशाणी कपबशी."

धोंडाबाईनं पत्रकाची घडी घालून कमरेला खोचली. "न्हाई रं बाबा. तुला मत न्हाई देनार म्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उलट ती त्याला समजावल्यासारखं सांगत होती.

"अण्णाला धाडू मुंबईला. त्यो गेला तर दूध दुसरी गाडी नेईल. तू गेलास म्हंजी? आमच्या वैष्णवीचं लगीन धरलंय मार्गशीर्षात. हज्जार माणूस मांडवाखाली बसनार. मागं बघाया कोन हाय मंग?"

"व्हय, बरुबर हाय," दुसरी म्हणाली. तिसरीनं मान डोलावली. त्यांच्या परीनं त्या त्याचं कौतुकच करत होत्या.

माऊली काहीतरी बोलणार होता. कुंडलिकनं त्याला हातानंच थांबवलं. मग वाकून त्यानं नवी ठोकलेली पहार दोन्ही हातांनी हलवून बघितली. ती हलली नाही.

"तारीख कुठली धरलीया, आत्या?" त्यानं विचारलं.