अर्धीच जुळणी

"तुमच्या मशीननं माह्या पोरीचं वाटोळं केलं!"

तानबाजींनी परिचय पुस्तिका टेबलावर अशी आपटली, की गुंजनचा चहा कीबोर्डवर सांडला. आष्टीहून सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस, पिपरी मेघेतलं हे दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस शोधता शोधता घामाघूम झाला होता.

"चार महिने झाले, एक स्थळ नाई. काऊन, तं तुमची वेबसाइट म्हणते तिचं जमलं. कोणासंग जमलं, सांगा ना!"

गुंजनचं टाळकं आधीच तापलेलं. समाजाच्या वधू-वर मंडळाची ही वेबसाइट गेल्या महिन्यात तिच्या गळ्यात पडली होती. त्यात मालक मुकेशभाऊ बजावून गेले होते, "संध्याकाळच्या आत निस्तर, नाहीतर उद्याची सुट्टी विसर." रविवारी घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उद्यापासून पाहुणे, आणि आईचे सकाळपासून चार फोन कापून झालेले.

"काकाजी, मुलीचं नाव सांगा."

"चारचौघात पोरीचं नाव घेत असतात काय? दोनशे तीन. अन् तो पोरगा पाचशे सतरा."

मंडळाची रीतच होती ती. अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरापोरींचे फॉर्म तिथं होते, बहुतेक आयांनीच भरलेले, पण बोलायचं ते क्रमांकानं. मागे कोणीतरी मुलींचे फोन नंबर बाहेर फोडले, तेव्हापासून काम करणाऱ्यांनाही पडद्यावर नुसते क्रमांकच दिसायचे.

तिनं क्वेरी चालवून नोंदी काढल्या. दोनशे तीन, जुळणी झाली, फॉर्म बंद. पाचशे सतराचा फॉर्म मात्र त्या जुळणीच्या दिवशी बंदच झाला नव्हता. तिनं जुना कोड उघडला आणि तिचं डोकंच फिरलं.

"अंकित, गधड्या!" ती पडद्याकडे पाहूनच ओरडली. हा कोड लिहिणारा अंकित महिन्यापूर्वी पुण्याला निघून गेला होता.

"काय झालं वं?"

"काकाजी, जमलं की मुलगा-मुलगी दोघांचेही फॉर्म बंद व्हायला पाहिजेत. ही दोन्ही कामं एका गाठोड्यात बांधायची असतात. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. ट्रान्झॅक्शन म्हणतात त्याले. एका ओळीचं काम, पण ह्या शहाण्यानं गाठच मारली नाही. तुमच्या मुलीचा बंद झाला, मधातच काहीतरी अडकलं, अन् मुलाचा उघडाच राह्यला."

"अन् उघडा दिसला म्हणून त्यायनं दुसरी पाहली!" तानबाजींचा आवाज चिरकला. "होकार देल्ला होता जी त्यायनं. माह्या घरी जेवून गेलते. मंग फोन उचलणंच बंद. नाई म्हणून सांगाचं तरी होतं! पोरगी रोज मले विचारते, बाबा, माह्यात काय कमी आहे."

गुंजननं दुसरी क्वेरी चालवली. तानबाजींचं खरं होतं. गेल्याच महिन्यात पाचशे सतराचं तीनशे अठ्ठ्याऐंशीसोबत जमलं होतं. ह्या वेळी दोन्ही फॉर्म बंद.

"जमलं त्याचं," ती म्हणाली. रागानं तिचे कान तापले. "अन् हे मुलीवाले तरी कसे आंधळे! चौकशी नाही, विचारपूस नाही. पगार पाहिला की पाघळले."

तानबाजी खुर्चीत बसले.

"मले तो पोरगा नको आता. माह्या पोरीचं मोकळं करून दे, बस. अन् बाई, त्या दुसरीलेही वाचव. तिच्या बापाले काय मालूम, हे लोक कसे आहेत."

एवढ्यात मुकेशभाऊ आत आले. पडद्यावरच्या दोन्ही जुळण्या पाहून दचकलेच.

"ए, दोनशे तीनचं मोकळं कर अन् थांब. दुसऱ्या जुळणीले हात लावायचा नाही. मंडळाच्या अध्यक्षांना विचारू सोमवारी."

"पहिला होकार न मोडता दुसरा दिला, तर दुसरा रद्द. मंडळाचाच नियम आहे, मुकेशभाऊ. ह्याच पुस्तिकेत छापलाय."

"नियम पुस्तिकेत शोभतात. उगाच एखाद्या घरात आग लावशील."

"आष्टीले लागली ती दिसत नाही का तुम्हाले? सोमवारपर्यंत त्या पोरीचं लग्न लागलं तर?"

तिनं लिहायला घेतलं, आणि या वेळी गाठ पक्की मारून. दोनशे तीन मोकळी. पाचशे सतराची दुसरी जुळणी रद्द. तीनशे अठ्ठ्याऐंशी मोकळी. पाचशे सतरा मंडळातून बाद. चारही नोंदी बदलल्या, पण अजून कच्च्याच होत्या. रोलबॅक म्हटलं की सगळं होतं तसं.

"गुंजन, नोकरीवर येईल," मुकेशभाऊ म्हणाले.

"येऊ द्या. नालवाडीत आणखी दोन ऑफिसं आहेत."

तिनं कमिट केलं. आता ब्रह्मदेव आला असता तरी मागं फिरणार नव्हतं. दोन्हीकडच्या घरी मेसेज आपोआप गेले.

मुकेशभाऊ पाय आपटत बाहेर गेले. तानबाजी उठले, डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राह्यजो माय." पोरीला फोन करायला ते घाईघाईनं जिना उतरले.

गुंजनला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. एक तरी पोरगी वाचली. फोन वाजला, पुन्हा आईच. या वेळी तिनं लगेच उचलला.

आई ओक्साबोक्शी रडत होती. "गुंजे, मंडळाचा मेसेज आला वं. चंदनचं अन् तुह्यं रद्द झालं म्हणते. कोण्या मेल्यानं केलं वं हे?"