बर्फाखालचं नाव

आमच्या नार्वा गावातल्या बर्फावरच्या हॉकीच्या क्लबची या हिवाळ्यापर्यंत चार नावं झाली होती. मालक बदलला की नाव बदलायचं, ते उन्हाळ्यात, बर्फ नसताना. ऐन जानेवारीत मैदानाचा बर्फ वितळवतात, तो क्लब बुडाल्यावरच. म्हणून आमची मॅनेजर रिम्मा म्हणाली, "वाल्दुरकाका, गोठवायचं यंत्र बंद करा, बर्फ जाऊ द्या," तेव्हा मला वाटलं, बुडाला आपला क्लब. पण केलं बंद. बर्फाखाली रंगवलेलं क्लबचं नाव पाण्याबरोबर मोरीत गेलं, नि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"रडताय काय हो, काका?" रंगाचे डबे आदळत रिम्मा म्हणाली. "नवा मालक मिळालाय! शनिवारच्या सामन्याला त्याचंच नाव पाहिजे म्हणतोय."

"भवाने, आधी सांगायला काय झालं होतं?" मी नाक पुसलं नि ब्रश ओढून घेतला. "दे इकडे. पहिली चारही माझ्याच हातची आहेत."