पक्की चिकटवलेली मुलं

उपनगरात होऊ घातलेल्या इमारतीचं मॉडेल तिने एकटीने बनवलं होतं. वरचे मजले ऐपतवाल्यांचे, खालचे दोन कमी पगारवाल्यांचे आणि पुढच्या अंगणात पाळणाघर. मंजुरी मिळेपर्यंत मॉडेलमधली माणसं कच्चीच चिकटवायची, हा त्या धंद्यातला साधा नियम. पण अंगणातली नखाएवढाली मुलं तिने पक्क्या गोंदाने बसवली. खालच्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर तर तिने मनातल्या मनात कधीच लावून टाकलं होतं.

आज साहेब सभेहून आले ते तोंड पाडूनच.

"शेजारचे बंगलेवाले हटूनच बसले. स्वस्त घरं नकोत आणि पाळणाघर तर नकोच नको. अंगणात पार्किंग दाखवा."

"आणि मुलं?"

"काढा ना! त्यात काय एवढं?"

साहेब केबिनमध्ये गेले. तिने चिमट्याने एकेक मूल ओढलं. मुलं निघाली, पावलं मात्र अंगणातच राहिली. त्यांच्यावर तिने इवल्या इवल्या गाड्या चिकटवल्या.

तेवढ्यात टेबलाखालून तिच्या चार वर्षांच्या लेकीने हात बाहेर काढला.

"आई, ती मला दे ना."

तिने मूठ रिकामी केली. मुलं काही केल्या उभी राहीनात, म्हणून लेकीने ती टेबलाच्या पायाला टेकवून बसवली आणि ओठांवर बोट ठेवून अगदी हळू आवाजात त्यांना समजावलं,

"इथेच बसायचं हं, संध्याकाळपर्यंत. साहेब आले की खोकायचंसुद्धा नाही."