राजमुद्रेवरचा सिंह

नव्या राजमुद्रेसाठी काढलेला सिंह समितीने तिसऱ्यांदा परत पाठवला. "अहो, डरकाळी कुठाय? हा तर दूध मागतोय!"

चित्रकार रडकुंडीला आला. "दिवसभर बसून साधं एक जनावर काढता येत नाही, जावईबापू?" असं सुनावून सासरेबुवा भरल्या पोटी समोरच्याच कोचावर उताणे पसरले. चित्रकाराने हळूच कोरा कागद ओढला.

या वेळी समिती बेहद्द खूश. "काय तो जबडा! काय तो आवेश!"

अनावरणाला सासरेबुवा पहिल्या रांगेत छाती फुगवून बसले होते. पडदा सरकला, टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या सासूबाईंनी सिंहाकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं,


"अहो, जरा कुशीवर वळा!"