काचेच्या दुकानातली पाटी

काचवाल्यांनी खिडकीत पाटी लावली आणि सहज रस्त्यावर नजर टाकली. अख्ख्या रस्त्यावर पाटी एकच होती, त्यांची.

ठरलं होतं ते भलतंच. काल दुपारी औषधवाल्याच्या दुकानात गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांनी एकमेकांना शब्द दिला होता. नगरपालिकेच्या निवडणुकीत या खेपेला पाठिंबा भाऊंना नाही, त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना द्यायचा, आणि तोही उघड. भाऊ वर्षानुवर्षं नगरसेवक, पण गल्लीला त्यांचा उपयोग शून्य. नर्सबाई मात्र कुणीही, कधीही दार वाजवलं तरी पेटी उचलून निघायच्या. दुकानं उघडताना सगळ्यांनी एकदमच पाट्या लावायच्या, म्हणजे भाऊंची माणसं एकट्याला गाठून धडा शिकवणार नाहीत. ही अक्कल काचवाल्यांचीच. फोटोच्या चौकटीमागे घालायचे पुठ्ठेही त्यांनीच एका मापाने कापून वाटले होते, आणि त्यावर ‘आमच्या गल्लीचा पाठिंबा नर्सबाईंना’ असं ठसठशीत रंगवून झालं होतं.

समोर इस्त्रीवाल्या वहिनी मान खाली घालून एकाच शर्टावर केव्हापासून इस्त्री फिरवत होत्या. बेकरीवाला पाव मांडत होता. औषधवाल्याने शटर अर्धंच वर केलं होतं. काचवाल्यांनी त्याला फोन लावला.

“अहो, पाटीचं काय?”

“लावतो ना! तुम्ही लावलीत का? वा, मग झालं तर,” असं म्हणून त्याने फोन ठेवूनही दिला.

झालं तर! बाकीच्यांचं काय जातंय, औषधं उचलून आत ठेवता येतात, पाव उद्या पुन्हा भाजता येतात. इथे भिंतीवर आरसे, दारात काचा, टेबलाखाली काचा. एक दगड आला की खेळ खलास. निघताना बायको एवढंच म्हणाली होती, “लावा पाटी. पण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं बळ माझ्यात नाही, सांगून ठेवते.”

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली आणि गॉगल उतरला. हा भाऊंचा उजवा हात. सावलीतसुद्धा काळा चष्मा काढत नाही म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. त्याच्या काखेत भाऊंचा मोठा हसरा फोटो होता.

“प्रचार कार्यालयात लावायचाय. चौकट चांगली घाला, काका.” मग त्याने खिडकीतली पाटी सावकाश वाचली आणि दुकानभर नजर फिरवली. “सगळी काचच की हो. जपायला हवं. चहा घेऊन येतो, तोवर करून ठेवा.”

काचवाल्यांनी काचेवर कापायची हिरकणी ओढली. रेघ वाकडी गेली. टेबलाच्या कडेवर दाबली तर काच तिसरीकडेच तडकली. ही नवशिक्याची चूक. दुसरी काच कशीबशी कापून त्यांनी चौकटीत बसवली आणि तिच्यावर भाऊंना पालथं घातलं. आता मागे पुठ्ठा लावायचा. पण हात पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे न जाता खिडकीकडे गेला.

पाटी काढली खरी, पण ठेवायची कुठे? टेबलाखाली दिसेल. कचऱ्यात टाकवेना. चौकट समोर उघडी पडली होती आणि माप तेच होतं. अक्षरं आतल्या बाजूला करून त्यांनी पाटी भाऊंच्या पाठीवर बसवली, चारी कडांना बारीक खिळे ठोकले, वरून खाकी कागद चिकटवला. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. लाजही वाटली, पण तिचं नंतर बघू असं त्यांनी ठरवलं.

गॉगल परत आला. चौकट उचलली, मोकळी खिडकी पाहिली आणि हसला. “शहाणे आहात, काका.”

तोच समोरचं शटर खडखडत पूर्ण वर गेलं. औषधवाल्याच्या दारात पाटी होती. बेकरीवाल्याने पावांच्या पुढ्यात पाटी उभी केली. इस्त्रीवाल्या वहिनी स्टुलावर चढून कपड्यांच्या दोरीला चिमट्याने पाटी अडकवत होत्या. तिथूनच त्या ओरडल्या, “भावजी, मघाशी तो माणूस येऊन गेला तरी तुमची पाटी जागची हलली नाही! ते बघून धीर आला हो आम्हाला!”

मग त्यांची नजर काचवाल्यांच्या खिडकीवर गेली. दुसरा चिमटा हातातच राहिला.

गॉगलने दारातून एकेक दुकान नीट न्याहाळलं. आता तो हसत नव्हता. “बघतो एकेकाकडे. तुम्ही नका घाबरू, काका. तुमच्या काचेला कुणी बोट लावणार नाही. आजपासून तुम्ही आमचे.”

काचवाल्यांची मघाची भीती दगडाची होती, ही ‘आमचे’ ठरण्याची, त्याहून वाईट होती. वहिनी अजून खिडकीकडेच बघत होत्या.

“जरा द्या इकडे,” ते म्हणाले.

काहीतरी करायचं राहिलं असेल असं समजून गॉगलने चौकट दिली. काचवाल्यांनी ती टेबलावर पालथी घातली, खाकी कागद टरकन फाडला आणि पकडीने एकेक खिळा उपटला. घाईत एक खिळा बोटात घुसला. पाटी काढून त्यांनी खिडकीत लावली. ती तिरकी लागली, तशीच राहू दिली. मग गॉगलकडे न बघता त्यांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“बसा,” ते म्हणाले. “भाऊंना दुसरा पुठ्ठा घालून देतो.”